दांडवाडीपुढचं शून्य

केसरने पिशवीतून सुक्या बोंबलांची जुडी काढली आणि विपुलच्या टेबलावर, उघड्या फायलीच्या मधोमध ठेवली.

"मोज," ती म्हणाली.

खासदारांच्या संपर्क कार्यालयात त्या वेळी आठ-दहा माणसं बसली होती. कुणाला इस्पितळासाठी पत्र हवं होतं, कुणाची रस्त्याची तक्रार होती. वास पोचला तशी एकेकाची मान वळली. खिडकीशी बसलेल्या एका बाईने रुमाल नाकाला लावला. केसरने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"काकी, अहो, खाली फाईल आहे," विपुल म्हणाला.

"असू दे. तू मोज. शून्य भरतात काय बघ."

तिची सून कल्पिता मागे उभी होती. तिने हळूच केसरचा पदर ओढला.

"आई, सगळे बघतायत."

"बघू देत. दिल्लीवाल्यांना दिसत न्हाय, निदान ह्यांना तरी दिसू दे."

विपुल हा काही साधा कारकून नव्हता. राज्यशास्त्रात एम.ए. करून बसलेला, जिल्ह्यातून आलेल्या गाऱ्हाण्यांचे लोकसभेत विचारायचे प्रश्न तयार करणारा मुलगा. खासदार सभागृहात जे विचारत, त्यातलं निम्मं याच टेबलावर शिजत असे. कल्पिताने थंडीच्या सुरुवातीला त्यालाच गाठलं होतं. पावसाळ्यात दोन महिने होड्या बंद असतात, तेव्हा खलाशांना काहीबाही मदत मिळते. पण मासळी सुकवून जगणाऱ्या बायकांचं काय? त्यांच्यासाठी नवी मदत निघाल्याचं तिच्या कानावर आलं होतं, दांडवाडीत मात्र कुणाला कसला कागद आला नव्हता. शिवाय तिचं स्वतःचं एक दुखणं होतं. मांडव्याच्या जेट्टीवर ती सुक्या जवळ्याची पाकिटं विकायची. टोपलीतल्या जवळ्याला कर नाही, नाव छापलेल्या पाकिटाला आहे. तो का, हेही तिला विचारायचं होतं.

प्रश्न गेला, खासदारांनी विचारला, फेब्रुवारीत उत्तर आलं. कल्पिताने ते जेट्टीवरच मोबाईलवर उघडून वाचलं. कराबद्दल एक ओळ होती : असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही. मदतीबद्दल मोठा तक्ता होता. रायगडच्या किनाऱ्यावरची बावीस गावं, आणि प्रत्येकापुढे मासळी सुकवणाऱ्या कुटुंबांचा आकडा. सतराव्या ओळीत लिहिलं होतं, दांडवाडी : शून्य.

"म्हणजे टोपलीतली मासळी गरीब, पाकिटातली श्रीमंत, आणि आम्ही मुळात हायच न्हाय," केसर आता विपुलला म्हणाली. "कराचं मागाहून बघू. आधी आम्ही हाय का न्हाय ते ठरव."

विपुलने जुडी दोन बोटांनी उचलून वर्तमानपत्रावर ठेवली आणि तक्त्याची छापील प्रत काढली.

"हे आकडे पाहणीवरून आलेत, काकी. तुमच्याकडे बारा डिसेंबरला पाहणी झाली, असं खाली लिहिलंय."

"कोण आलं न्हाय."

"नक्की?"

"खळ्यावर मी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत असते. कुत्रं फिरकलं तरी मला कळतं. कोण आलं न्हाय. घरी बसून भरलाय आकडा."

विपुलने खुर्ची पुढे ओढली. असं काही हाती लागलं की त्याचे डोळे चमकायचे.

"मग लेखी द्या. सगळ्या बायकांच्या सह्या घ्या. पाहणीला कुणी आलंच नाही, शून्य खोटं आहे, एवढं लिहा. मार्चच्या बैठकीला साहेब पुन्हा प्रश्न टाकतील. पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे तुमच्या हातात फक्त आठ दिवस आहेत. दिल्यावरही चिठ्ठ्या निघतात. नंबर लागला तर लागला."

"लागंल."

"आणि एक सांगून ठेवतो. हे तिथे उघडं पडलं की ज्याने आकडा भरला त्याची नोकरी जाणार. हे लोक कंत्राटावरचे असतात."

"जाऊ दे," केसर म्हणाली. "आमची पोटं जातात त्याचं कुणाला काय हाय?"

बोंबलांची जुडी तिने परत घेतली नाही. निघताना खिडकीशी बसलेल्या बाईला म्हणाली, "चटणी कर त्याची. मग नाकाला रुमाल लावशील तर सांग."

दांडवाडीत एकसष्ट घरं मासळी सुकवतात. किनाऱ्याला लागून भली मोठी सपाट जागा आहे, तिला खळं म्हणतात. त्यावर बांबू उभे करून दोऱ्या ताणायच्या आणि बोंबलाच्या जबड्यात बोंबलाचा जबडा अडकवून जोड्या टांगायच्या. खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरायचा. नवरे समुद्रावर, बायका खळ्यावर, ही इथली कित्येक पिढ्यांची वाटणी. केसरचा नवरा धर्माजी वारला तेव्हा होडी दिराकडे गेली, पण खळ्यावरचे बांबू केसरचे होते ते केसरचेच राहिले. त्या बांबूंवर तिने मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं. त्यामुळे खळ्याचा विषय निघाला की ती भांडायला उठायची, आणि गावही तिलाच पुढे करायचं.

सह्यांसाठी ती घरोघर फिरली. कुणी म्हणालं, नवऱ्याला विचारून सांगते. त्यावर केसर म्हणाली, नवऱ्याला विचारून बोंबील सुकतात काय? कुणाला सही येत नव्हती, तिने अंगठा घेतला. एकीच्या हाताला मसाला होता, तर कागदावर तिखटाचा अंगठा उमटला. तोही केसरने चालवून घेतला. पाचव्या दिवशी कागदावर साठ नावं झाली. एकच घर राहिलं, आणि ते घर राहील असं केसरच्या स्वप्नातही नव्हतं.

बिल्किस आपल्या अंगणात जवळा पाखडत बसली होती. तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्यांचा सुक्या मासळीचा व्यापार. मुलगा उझैर आता मस्कतला नोकरीला, पण बिल्किसने खळ्यावरची जागा सोडली नव्हती. तिचे आणि केसरचे बांबू तीस वर्षं शेजारी शेजारी उभे होते. तिने सूप खाली ठेवलं, हात ओढणीला पुसले आणि कागद अक्षर अक्षर लावत शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून परत दिला.

"मी ह्याच्यावर सही करणार न्हाय."

"का?"

"खोटं हाय म्हणून."

केसरला वाटलं, थट्टा चालली आहे. ती हसली. बिल्किस हसली नाही.

"बारा डिसेंबरला उझैरचं विमान होतं," ती म्हणाली. "सकाळच्या बोटीला मी त्याला मांडव्यावर बसवला आणि घरी आले. डोळे भरलेले होते. बुरखासुद्धा काढला नव्हता, आणि तुझा डबा वाजला. त्याच बुरख्यात मी बांबू ओढले, केसर. तो दिवस मी विसरेन काय? गुरुवार होता. तुझा मार्गशीर्षातला उपास होता. पाहुण्यांना चहा दिलास आणि स्वतः घोटभर घेतला न्हाईस."

केसरने घडी घातलेला कागद कमरेला खोचला. तिला डबा आठवला.

नऊ वर्षांपूर्वी एक जीप आली होती. किनाऱ्याची जागा सरकारी, तुम्ही अतिक्रमण केलंय, असं म्हणत त्या माणसांनी फीत लावून खळं मोजलं, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक आणून बांबू भरून नेले. बोंबील वाळूत पडले. त्या वर्षी केसरने गावाला एक शिस्त लावली. नाक्यावर सरकारी जीप दिसली की कुणीतरी फोन करायचा. फोन आला की केसर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बडवायची. डबा वाजला की एकसष्ट घरांतल्या बायका धावत यायच्या, दोऱ्या सोडायच्या, बांबू आडवे करून त्यांवर जुनी जाळी टाकायच्या. अर्ध्या तासात खळं मोकळं. या कामाचा केसरला केवढा अभिमान होता! लग्नकार्यात पाहुण्यांना ती गोष्ट रंगवून सांगायची.

बारा डिसेंबरलाही तसंच झालं. जीपमधून चष्मा घातलेली एक लुकडी मुलगी उतरली, तिच्या हातात रजिस्टर होतं. तिने तोंड उघडायच्या आधीच केसर पुढे झाली होती.

"इथं मासळी सुकवतात का, मावशी?" मुलीने विचारलं होतं.

"छे गं बाय. इथं किरकेट खेळतात," केसर म्हणाली होती. वर तिला ओट्यावर बसवून चहा पाजला होता, उन्हाची फिरू नकोस म्हणाली होती. मुलीने रजिस्टरात काहीतरी लिहिलं, आभार मानले आणि गेली. सुंठेवाचून खोकला गेला म्हणून त्या दिवशी सगळ्याजणी पोट धरून हसल्या होत्या.

"मला वाटलं, जमीन मोजणीवाली होती," केसर शेवटी म्हणाली. पण तिच्या आवाजातला जोर गेला होता.

"ती आपल्याला मोजायला आली होती. जमीन न्हाय, आपल्याला."

"तिनं सांगितलं का न्हाय मग?"

"तू बोलू दिलंस कुठं?" बिल्किसने पुन्हा सूप उचललं. "ते शून्य तिनं घरी बसून न्हाय लिहिलं. आपण तिला लिहायला लावलं. मी पण. मी पण बांबू ओढलेच की."

केसर तशीच घरी आली. सरकारशी खोटं बोलल्याची तिला लाज वाटत नव्हती. सरकार तरी कुठे खरं बोलतं, असं ती आजही म्हणाली असती. पण आपल्या शब्दावर साठ बायकांनी डोळे मिटून सही केली आणि ती सही खोटी निघाली, याने तिचा जीव कासावीस झाला. आणि ती मुलगी. चोर सोडून संन्याशाला सुळी. आपण चहा पाजलेल्या पोरीची नोकरी आपल्याच कागदाने जाणार होती. केसरने तो कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. कल्पिताने जेवायला वाढलं, तर ताटातला बोंबील तिने नुसता चिवडला.

कुणालाही कळलं नसतं. बिल्किस चुगली करणारी नव्हती. साठ सह्या पुरेशा होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळा पसरायच्या आधीच केसरने सगळ्यांना खळ्यावर बोलावलं. पदर खोचून ती मधोमध उभी राहिली आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. शून्य कुणी लिहिलं, का लिहिलं, डबा कुणी वाजवला. मग साठ सह्यांचा कागद सगळ्यांसमोर फाडला.

"आपल्याच पायावर मी धोंडा पाडला," ती म्हणाली. "आता खरं लिहायचं. त्या दिवशी पाहणी झाली, आणि आम्ही भिऊन लपवलं."

किशोरी सगळ्यांत पुढे होती. नऊ वर्षांपूर्वी सगळ्यांत जास्त बांबू तिचे गेले होते.

"लिही की!" ती कडाडली. "लिही की आम्ही सरकारच्या जागेवर बोंबील घालतो. म्हणजे उद्या ट्रक येईल. मिळंल न मिळंल त्या मदतीपायी हाय ते घालवायचं? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

बायकांत कुजबुज झाली. किशोरीचं म्हणणं खुळं नव्हतं, हे केसरलाही कळत होतं. तिने तिला गप्प केलं नाही.

"तुझं खरं हाय," ती म्हणाली. "कागदावर आलो तर हाकलतील. न आलो तर आपण न्हायच. नऊ वर्षं मी तुम्हाला लपायला शिकवलं. इतक्या झ्याक लपलो आपण, की दिल्लीपर्यंत कुणाला दिसलो न्हाय. मी आता लपणार न्हाय. ज्यांना यायचंय त्यांनी या. जी येणार न्हाय तिच्यावर माझा राग न्हाय."

कोरा कागद कल्पिताच्या हातात होता. बिल्किस पुढे आली आणि पहिली सही तिने केली, उर्दूत आणि मराठीत, दोन्ही. दुपारपर्यंत बेचाळीस नावं झाली. एकोणीसजणी घरी गेल्या. किशोरी त्यांच्यात होती.

विपुलने नवा कागद वाचला आणि कपाळावर हात मारला.

"काकी, हे काय केलंत? पहिल्या कागदाला धार होती. याने तर तुम्हीच अडकताय."

"अडकू. तू प्रश्न लिही."

"काय लिहू? शून्य का आलं असं विचारलं तर उत्तर येईल, गावकऱ्यांनीच तसं सांगितलं. विषय संपला."

"मग ते नको विचारू." केसर खुर्चीच्या कडेला टेकली. रात्रभर घोळवलेलं वाक्य ती सावकाश बोलली. "असं विचार. जो माणूस तुमच्या भीतीनं लपतो, त्याला तुम्ही कसा मोजता?"

विपुलची बोटं कीबोर्डवर थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग बराच वेळ तो टाईप करत होता, पुसत होता, पुन्हा करत होता. शेवटी त्याने वाचून दाखवलं.

"किनाऱ्यावरील शासकीय जागेत परंपरेने मासळी सुकवणाऱ्या कुटुंबांकडून, जागेवरून निष्कासित होण्याच्या भीतीपोटी, पाहणीत आपला व्यवसाय दर्शविला जात नाही, याची सरकारला जाणीव आहे काय, असल्यास, अशा कुटुंबांची गणना करण्यासाठी कोणती पद्धत अवलंबिण्यात येते, आणि अशा कुटुंबांच्या छापील पाकिटांवर कर आकारला जात असताना, मदतीच्या यादीत मात्र त्यांची संख्या शून्य असण्याची कारणे काय आहेत?"

शेवटचं ऐकून कल्पिताने झटकन मान वर केली.

"हे माझंच हाय काय?" केसरने विचारलं.

"तुमचंच आहे. फक्त इस्त्री केलीय."

"आणि आम्ही लपवलं ते कुठं आलं? ती पोर खोटी न्हाय, ते?"

"प्रश्नात कारण सांगत नाहीत, काकी, विचारतात. ते साहेबांच्या पत्रात घालतो. तुमचा कागद सोबत जोडतो."

"पहिली ओळ तीच लिही. पोरीनं बरोबर लिहिलं, आम्ही खोटं सांगितलं."

त्याने ती पहिली ओळ लिहिली. केसरने कल्पिताकडून वाचून घेतली आणि मगच ती उठली.

चिठ्ठीत नंबर लागला. मार्चअखेर उत्तर आलं ते दीडच ओळीचं : माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल. कल्पिताचा चेहरा पडला. एवढं रामायण झाल्यावर दीड ओळ! पण संध्याकाळी विपुलचा फोन आला आणि तो लग्न ठरल्यासारखा आनंदात होता.

"वहिनी, नाही म्हणाले नाहीत ते! ठेवू म्हणालेत. याला तिथे आश्वासन म्हणतात, त्याची वही वेगळी असते. आता त्यांना कुणाला तरी पाठवावंच लागेल."

कल्पिताने निरोप सांगितला तेव्हा केसर दोऱ्या ताणत होती.

"येऊ देत," एवढंच ती म्हणाली, आणि गाठ मारली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, कल्पिताचा नाक्यावरून फोन आला. ती जेट्टीवर निघाली होती.

"आई, जीप हाय."

"येऊ दे."

"दोन हायत, आई. दुसऱ्या जीपमधल्या माणसाच्या हातात फीत हाय."

केसरने फोन कमरेला खोचला. खळं भरलेलं होतं. बांबूंच्या रांगांवर बोंबील लटकत होते, खाली जवळ्याचा गुलाबी थर वाळत होता. फोन वाजला होता हे सगळ्यांना कळलं होतं. एकेकीचे हात थांबले. सह्या केलेल्या आणि न केलेल्या, सगळ्याच केसरकडे बघत होत्या. डबा नेहमीच्या जागी, तिच्या पहिल्या बांबूला टांगलेला होता. किशोरीने तर वाटही पाहिली नाही. ती आपल्या दोरीच्या गाठीला भिडली होती आणि अर्धी गाठ सोडूनही झाली होती.

नऊ वर्षांपूर्वीचा ट्रक केसरला लख्ख दिसला. तिने डबा काढला. बायकांनी पदर खोचले. बिल्किस तेवढी हलली नाही, ती जवळ्यातला कचरा निवडत बसून राहिली.

केसर डबा घेऊन रांगांमधून चालत खळ्याच्या तोंडाशी गेली. बोंबलांची सावली पडली होती तिथे तिने तो पालथा घातला, पदराने वरचा पत्रा पुसला आणि बाजूला उभी राहिली.

पहिल्या जीपमधून तीच मुलगी उतरली. तोच चष्मा, तसंच रजिस्टर. ती दोन पावलं चालली आणि थबकली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पार समुद्रापर्यंत गेलेल्या रांगांकडे पाहिलं.

"मावशी," ती म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, इथे क्रिकेट खेळतात."

"म्हटलं होतं. खोटं बोलले. तुझं नाव काय गं बाय? त्या दिवशी विचारायचं राहिलं."

"प्राप्ती."

"तुला त्रास झाला काय माझ्यामुळं?"

"कारणे दाखवा नोटीस आली होती. मग तुमचं पत्र आलं, वरून." प्राप्तीने चष्मा नाकावर सारला. "पहिली ओळ ऑफिसात मला वाचून दाखवली."

केसरने मान हलवली. तिने डब्यावर थाप मारली.

"बस. तेव्हा चहा पाजून घालवलं होतं. आज मोजूनच जा."

प्राप्ती डब्यावर बसली. तिने रजिस्टर मांडीवर उघडलं. पलीकडे दुसऱ्या जीपमधला माणूस उतरला होता आणि फितीचं टोक ओढून बघत होता. खळ्यावर कावळ्यांची कावकाव चालली होती.

"नाव?"

"केसर धर्माजी कोळी."

"व्यवसाय?"

"मासळी सुकवणं."

"किती वर्षं?"

"छत्तीस."

प्राप्तीचं पेन पुढच्या रकान्यावर आलं आणि थांबलं. तिने एकदा फीतवाल्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"जागा कोणाची, असं आहे इथे. मावशी, हा रकाना रिकामा सोडला तरी चालतो."

केसरने त्या माणसाकडे पाहिलं. त्याने फीत जमिनीला लावली होती.

"रिकामा नको," ती त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "जागा सरकारची. बांबू माझे. दोन्ही लिही."

प्राप्तीने दोन्ही लिहिलं. मग पान उलटून तिने मान वर केली आणि पुढचं नाव विचारलं. बिल्किस सूप ठेवून उठली. तिच्यामागे एक आली, तिच्यामागे दुसरी. तिसऱ्या रांगेत किशोरी अजून दोरीपाशीच उभी होती. ती फीतवाल्याकडे बघत राहिली, केसरकडे बघत राहिली. मग तिने अर्धवट सोडलेली गाठ पुन्हा बांधायला घेतली, दाताने ओढून घट्ट केली, आणि पदराला हात पुसत रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली.